ओस वास्तूंची हौस

मनुष्याला कशाची हौस असावी, याला काही धरबंध नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुन्या तबकड्या. कुणी चोरबाजारातले अडकित्ते आणून दिवाणखान्यात मांडतो. त्यात आता एका नव्या हौसेची भर पडली आहे. तरुण मुले रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून निघतात. पण राणीच्या बागेत किंवा चौपाटीवर न जाता बंद गिरण्या, रिकामी रुग्णालये आणि ओस पडलेल्या इमारती धुंडाळत हिंडतात. आमच्या थोरल्या बहिणीचे चिरंजीव या पंथाचे. "नांदत्या जागा सोडून या भूतबंगल्यांत काय ठेवलंय रे?" हा त्याच्या मातोश्रींचा नेहमीचा सवाल.

खरे सांगायचे तर ही हौस आपल्याला अगदीच परकी नाही. रायगड चढून जाऊन, पडक्या वाड्यांच्या जोत्यांवर बसून आपण पुरणपोळीचे डबे सोडलेलेच आहेत! फरक एवढाच, की तिथे नांदणारी माणसे इतिहासात जमा झाली. मुंबईच्या ओस वास्तूंतली माणसे अजून आपल्या शेजारी राहतात.

काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन पाहा. एकेकाळचे हे वॉटसन हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून इथे आणून जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दिसली, ती इथेच. २०१९ साली, इमारत धोकादायक म्हणून, आतल्या भाडेकरूंना बाहेर काढावे लागले. कॅमेऱ्याला असा मोडका जिना, असा गंजलेला सज्जा फार मानवतो.

पण गिरणगावात आले की प्रकरण इतके सोपे राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी ऐकले नाही. मात्र गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले.

भाच्याने काढलेले एका बंद गिरणीचे चित्र लालबागच्या एका वृद्ध गृहस्थांनी पाहिले. त्यांची सारी हयात साच्यांवर गेलेली. म्हणाले, "बाळ, हे साचेखातं. इथं खडखडाट एवढा, की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. तुझ्या फोटूत हे कसं येणार?" भाचा गप्प झाला. चित्रातली शांतता त्याला सुंदर वाटत होती. त्या गृहस्थांच्या लेखी ती गेलेल्या भाकरीची खूण होती.

याच्या अगदी उलट गोष्ट वडाळ्याची. तिथे १८९० साली निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. त्यासाठी खटपट करणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ. त्यांचेच नाव पुढे रुग्णालयाला मिळाले. आम्हां मराठीच्या मास्तरांना हे गृहस्थ दुसऱ्याच नात्याने ठाऊक. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ साली मराठी पोवाडे छापून काढले. अफझलखानवधाचा पोवाडा जपणारा हाच साहेब, रस्त्यावरच्या महारोग्यांना गोळा करून आवारात ठेवणाराही हाच. १८९८ च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून डांबण्याची सोय केली. घरच्यांनी टाकलेल्या कितीकांचे उभे आयुष्य अशा आवारांत सरले.

पुढे औषधे आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रुग्ण घरी राहून बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. रोग संपला नाही, नवे रुग्ण अजून सापडतात. पण त्यांना जन्मभर कोंडून ठेवण्याचे कारण उरले नाही. कुष्ठरुग्णालयातली खाट रिकामी दिसली, तर सुस्कारा टाकू नये. देवापुढे साखर ठेवावी!

आणि ओस पडणे हा शेवटच असतो असेही नाही. परळचा लाटसाहेबांचा बंगला घ्या. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने वारल्या. पुढे गव्हर्नरांनी मलबार हिल जवळ केले. प्लेग आला तेव्हा त्याच बंगल्यात रुग्णालय झाले आणि १८९९ साली हाफकिन साहेबांची लशीची प्रयोगशाळा. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो.

तेव्हा आमच्या छायाचित्रकार मंडळींना एवढेच सांगणे : परवानगीवाचून भिंतीवरून उड्या मारू नका, कुजलेली तुळई तुमची हौस पाहत नाही. आणि प्रत्येक चित्राखाली चार ओळी अवश्य लिहा : वास्तू कोणती, कोण राबले, कधी ओस पडली आणि का. गिरणी ओस आणि इस्पितळाची खोली ओस, कॅमेऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतला फरक सांगणारी माणसे अजून चाळींतून आहेत. तोवर त्यांना विचारून घ्या.