वृद्धांची दृष्टी आणि परसातील वाफा

मोहोळचे नाव निघाले की शेतकऱ्यांना मालदांडी ज्वारी आठवते. येथील संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने काढलेला मालदांडी 35-1 हा वाण कित्येक पिढ्यांनी पेरला, आणि भाकरीची प्रत आजही त्याच्याशीच ताडून पाहिली जाते. दाण्याचा उतारा किती, कडबा किती, याची मोजदाद शेतीच्या क्षेत्रात काटेकोरपणे होते. परंतु ती ज्वारी पिकविण्यात ज्यांची हयात गेली, त्या वृद्ध माणसांच्या ताटात भाकरीखेरीज काय पडते याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. ही मोजदाद विस्तारकार्यातच धरली पाहिजे.

भारतात उतारवयात दृष्टी जाण्याचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे होय. डोळ्यातील भिंग पारदर्शक प्रथिनांचे बनलेले असते. वय, ऊन, तंबाखू व धूर यांच्या परिणामाने ही प्रथिने हळूहळू बिघडतात आणि भिंग गढूळ होते. या बिघाडाला विरोध करणाऱ्या द्रव्यांत क जीवनसत्त्व प्रमुख आहे. रक्तापेक्षा डोळ्यातील द्रवात त्याचे प्रमाण अनेक पटींनी अधिक असते. मात्र हे जीवनसत्त्व शरीरात तयार होत नाही व फार दिवस साठूनही राहत नाही. ते आहारातूनच नित्य मिळावे लागते.

संशोधक पथकाला काय आढळले

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्र, पुदुच्चेरीचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि लंडनची आरोग्यविषयक संशोधन संस्था यांच्या पथकाने याच प्रश्नाचा अभ्यास केला. गुडगाव व पुदुच्चेरी या भागांतील 60 वर्षांवरील 5,638 स्त्री-पुरुषांची पाहणी करण्यात आली. आहाराची विचारपूस झाली, रक्त तपासले गेले व भिंगाची छायाचित्रे घेण्यात आली. निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. उत्तरेकडील वृद्धांपैकी 73.9 टक्के व दक्षिणेकडील वृद्धांपैकी 45.7 टक्के लोकांत क जीवनसत्त्वाचा अभाव आढळला. पुरुष, अधिक वयाचे, अशक्त, तंबाखू सेवन करणारे आणि लाकूडफाटा व गोवऱ्यांवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील माणसे यांत तो अधिक होता. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व पुरेसे होते, त्यांच्यात मोतीबिंदूचे प्रमाण कमी दिसले.

ही पाहणी सोलापूर जिल्ह्यातील नाही. तरीही भाकरी, पातळ आमटी आणि चहा एवढ्यावर दिवस काढणारे वृद्ध येथील प्रत्येक गावात आहेत. ज्वारीच्या भाकरीत बळ आहे, पण क जीवनसत्त्व नाही. चहात तर नाहीच.

गोळीने काम भागेल काय?

मग औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या तर चालणार नाही काय, असा प्रश्न सहज निघेल. त्याचीही परीक्षा झालेली आहे. दक्षिण भारतातील ग्रामीण भागात 798 व्यक्तींना पाच वर्षेपर्यंत अशा जीवनसत्त्वांच्या गोळ्या किंवा त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या देऊन पाहण्यात आले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोतीबिंदू वाढण्याच्या वेगात दोन्ही गटांत फरक पडला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या मोठ्या प्रयोगात, 2001 साली, दृष्टिपटलाच्या वार्धक्यजन्य झिजेच्या मधल्या अवस्थेतील रुग्णांना विशिष्ट गोळ्यांचा लाभ झाला. मोतीबिंदूवर त्यांचा परिणाम झाला नाही. पुढे 2013 साली असेही दिसले की, त्या गोळ्यांतील बीटा कॅरोटीनमुळे पूर्वी धूम्रपान केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून अशा गोळ्या नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याखेरीज घेऊ नयेत.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. भिंग गढूळ होण्यास अनेक वर्षे लागतात. चार-पाच वर्षांच्या गोळ्यांनी ती भरून निघत नाहीत. आहाराने मोतीबिंदू निश्चित टळतो असेही अद्याप सिद्ध झालेले नाही. परंतु निम्म्याहून अधिक वृद्धांत आढळणारा अभाव हा स्वतःच एक दोष आहे. त्याने हिरड्या दुखतात, जखमा लवकर भरत नाहीत व अन्नातील लोह अंगी लागत नाही. तो दूर करण्यासाठी आणखी पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेतातून गेलेली भाजी

पूर्वी रब्बीच्या रानातून भाजी आपोआप घरी येत असे. विरळणीत उपटलेली करडईची कोवळी रोपे, हरभऱ्याचा खुडलेला पाला, बांधावरचा तांदुळजा, घोळ आणि चाकवत यांनी हिवाळा निभावत असे. उसाचे क्षेत्र वाढले तशी ही भाजी रानातून कमी झाली. तणनाशक फवारलेल्या रानातील पाला तर खाऊही नये. उत्पन्न वाढले, पण ताटातील हिरवा रंग उणा झाला. ही उणीव बाजाराच्या दिवशी आणलेल्या एका जुडीने भरून निघत नाही. त्यासाठी परसात वाफा हवा.

प्रत्येक घरी दोन शेवगे, एक लिंबू, एक पेरू व दोन-तीन पपया लावाव्यात. न्हाणीचे पाणी या झाडांना पुरते. पालक, मेथी, राजगिरा यांचे दोन लहान वाफे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे भाजीत खंड पडणार नाही. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; म्हणजे अर्ध्या पेरूत प्रौढ माणसाची दिवसाची गरज भागते.

वृद्धांना दात नसतात, हे विसरू नये. त्यांना पिकलेला पेरू बिया काढून कुस्करून द्यावा, मऊ पपई द्यावी आणि वरण चुलीवरून उतरल्यावर त्यात लिंबू पिळावे. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी ओतून देऊ नये. डोळ्यांना उपयुक्त असलेले हिरव्या पाल्यातील पिवळे रंगद्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते. म्हणून तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचे कूट अवश्य घालावे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. पेरू खाऊन आलेला मोतीबिंदू उतरतो, असे कोणालाही सांगू नये. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे, आणि आहाराच्या भरवशावर ती लांबणीवर टाकणे म्हणजे उपदेशाने अपाय करणे होय. मधुमेह असलेल्यांनी फळाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे व दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. तंबाखू सोडणे आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणे, हेही डोळ्यांच्या राखणीतच येते.

शेताची पाहणी करून परतताना कार्यकर्त्याने घराच्या मागील अंगणाकडेही पाहावे, आणि ओसरीवर बसलेल्या वृद्धाने सकाळी काय खाल्ले ते आपुलकीने विचारावे. गावातील किती परसांत शेवगा, लिंबू, पेरू व पपई आहे याची नोंद पीकनोंदीइतक्याच काळजीने ठेवावी. ज्या घरी ही झाडे नाहीत, त्या घरी येत्या मृगात ती लावून घ्यावीत.