शेवटची झुंज आधीच्या पानांत

अद्भुत कादंबरीतली शेवटची झुंज फसली की सगळा ठपका त्या एका प्रकरणावर येतो. वर्णन तोकडे पडले, तलवारबाजी खोटी वाटली, नायक फारच सहज जिंकला, अशी वाचकांची कुरकुर असते. लेखकही मग तेच प्रकरण घासत बसतो: आणखी चार वार, आणखी थोडे रक्त, जमल्यास कोसळणारा एखादा कडा. दुखणे बहुधा दोनशे पाने मागे असते. निकाल ज्या कारणांनी लागणार, ती कारणे वाचकाच्या हाती आधीच दिलेली नसतील, तर पात्र स्वतःच्या बळावर जिंकले असे वाटतच नाही. लेखकाने त्याला जिंकवले असे वाटते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या घरातच आहे. महाभारताच्या युद्धात सतराव्या दिवशी कर्ण पडतो, तेव्हा त्या प्रसंगात नवे असे जवळजवळ काहीच घडत नाही. कवचकुंडले इंद्राने वनपर्वातच मागून नेली आहेत. त्या बदल्यात मिळालेली, एकदाच वापरता येणारी शक्ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती; ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडली. ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही हा परशुरामांचा शाप, चाक जमीन गिळेल हा ब्राह्मणाचा शाप, सारथ्याच्या जागेवरून सतत टोचून बोलणारा शल्य, हे सगळे वाचकाला ठाऊक आहे. रणांगणावर फक्त एकेक देणे वसूल होत जाते. म्हणून चाक रुतते तेव्हा ‘हा कुठला योगायोग?’ असे कुणी विचारत नाही. हेच चाक शापाविना रुतले असते तर अर्जुनाचा विजय चिखलाच्या नावावर जमा झाला असता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सगळे आधीच सांगून टाकले तर उत्कंठा उरते कुठे? शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी ‘मृत्युंजय’ 1967 साली आली, आणि कर्णाचे पुढे काय होते हे ठाऊक नसलेला मराठी वाचक तेव्हाही शोधून सापडला नसता. तरीही शेवटची पाने वाचताना कुणी जांभया दिल्याचे ऐकिवात नाही. उत्कंठा निकालाच्या अज्ञानातून येते तशीच ती निकाल टळावा या इच्छेतूनही येते. शिवाय पूर्वतयारी आणि धक्का यांचे वैर नाही. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये कोणताही जिवंत पुरुष मला अडवू शकत नाही, अशी नाझगुल या शत्रूंच्या म्होरक्याची घमेंड असते. त्याला संपवते पुरुषवेशात रणात उतरलेली एओविन, आणि तिच्याआधी मेरी हा हॉबिट त्याच्या गुडघ्यामागे पाते खुपसतो. हे पाते पहिल्याच भागात एका जुन्या थडग्यातून मिळालेले असते. याच शत्रूच्या अँगमार राज्याशी लढणाऱ्यांनी शतकांपूर्वी ते घडवले होते. वाचक पाते विसरलेला असतो, लेखक विसरलेला नसतो; धक्का बसतो तो एवढ्या फरकामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खऱ्या लढाईत असा हिशेब कुठे असतो? तिथे गोंधळ असतो, नशीब असते. हे टोल्किनला कुणी शिकवायची गरज नव्हती. 1916 साली तो पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता. पण त्याने नशिबाला नायकाच्या पदरी फुकट पडू दिले नाही. दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो ऐन क्षणी हरतो, ती आपलीच म्हणून घोषित करतो. मग त्या अंगठीला हपापलेला गोलम त्याचे बोट तोडून अंगठी घेतो आणि तोल जाऊन ज्वालामुखीत पडतो. वरवर हा निव्वळ अपघात, पण गोलम तिथवर जिवंत पोहोचतो तो आधी बिल्बोने, मग फ्रोडोने आणि शेवटी त्याचा सोबती सॅमनेही त्याला मारायचे टाळले म्हणून. योगायोगाने नायकाची खुशाल कोंडी करावी. कोंडी योगायोगानेच फोडायची असेल तर त्याची मुळे आधी दाखवावीत. शस्त्रांच्या तपशिलालाही हाच नियम. दांडपट्टा चालवणाऱ्याचे मनगट लोखंडी मुठीत जखडलेले असते, वार खांद्यातून फिरतो. ही माहिती सरावाच्या प्रकरणात आली तर शेवटी तिच्यावर डाव बेतता येतो. ऐन झुंजीत आली तर ती पाठ्यपुस्तकातली टीप होते.

एवढे करूनही झुंज बेचव होऊ शकते, जर जिंकणाऱ्याला काहीच मोजावे लागले नाही. इथे भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध पाहावे. तेरा वर्षे भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर सराव केलेला दुर्योधन कौशल्यात सरस आहे. धर्माने लढून भीम जिंकणार नाही, हे कृष्ण अर्जुनाला स्पष्ट सांगतो. नाभीखाली वार नको हा गदायुद्धाचा नियम, आणि मांडी फोडीन ही द्यूतसभेतली भीमाची प्रतिज्ञा. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. म्हणजे भीमाला प्रतिज्ञा किंवा नियम यांपैकी एक मोडावाच लागतो. अर्जुन स्वतःच्या मांडीवर थाप मारतो, भीम समजतो, मांड्या फुटतात. बलराम नांगर उगारून भीमावर धावतो आणि कृष्णाला त्याला आवरावे लागते. आजचा लेखक इथे पडदा पाडून मोकळा झाला असता. महाभारत त्याच रात्री, मांड्या फुटून पडलेल्या दुर्योधनाच्या आज्ञेने अश्वत्थाम्याला सेनापती करते आणि पांडवांच्या झोपलेल्या छावणीत पाठवते.