सोनेरी तबकडीचे मोल

जुन्या वस्तूंच्या बाजारात कशाला भाव येईल याचा नेम नाही. अमेरिकेत हिप-हॉप संगीताच्या तबकड्यांच्या विक्रीबद्दल दिलेले सन्मानफलक जमविणाऱ्यांचा एक वर्ग आता तयार झाला आहे. काचेच्या चौकटीत बसविलेली सोनेरी वा रुपेरी तबकडी, खाली धातूच्या पट्टीवर कलावंताचे आणि मानकऱ्याचे नाव, असे या फलकाचे रूप असते. वाळूजच्या कारखान्यात पाळी करून येणाऱ्या कामगाराला किंवा तेथील शिक्षकाला हा छंद परका वाटेल. परंतु त्यातून निघणारा प्रश्न परका नाही.

या प्रथेचा आरंभ १९४२ सालचा. ग्लेन मिलर या वाद्यवृंदनायकाच्या एका गीताच्या बारा लाख प्रती खपल्या, तेव्हा कंपनीने त्याला सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. पुढे १९५८ पासून अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने विक्री तपासून अधिकृत प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला आणि १९७६ मध्ये 'प्लॅटिनम' ही वरची पायरी निर्माण केली. संपूर्ण तबकडीसाठी पाच लाख प्रतींना 'गोल्ड' आणि दहा लाखांना 'प्लॅटिनम', असा हा हिशेब आहे. फलकातील सोने हा केवळ मुलामा असतो. पुष्कळदा आतली तबकडी त्या गीताचीही नसते. म्हणून संग्राहक फलकाचे मोल ठरवितात ते चौकटीच्या घडणीवरून, नावाच्या पट्टीवरून आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या होलोग्रामच्या मोहोरेवरून. नकली फलकांचा सुळसुळाट असल्याने ही पारख अटळ ठरते.

परंतु मोहोर म्हणजेच लोकमान्यता काय? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेल्या या संगीताला जगापुढे आणणारे 'रॅपर्स डिलाइट' हे गीत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अफाट खपले. तथापि ते काढणारी शुगर हिल ही छोटी कंपनी त्या संघटनेची सभासद नव्हती. त्यामुळे त्या काळी गीताला अधिकृत सोनेरी मान लाभला नाही. १९८६ मध्ये 'रन-डीएमसी' या त्रयीच्या तबकडीने प्लॅटिनमची पायरी गाठली, तेव्हा कोठे वरच्या वर्तुळाने या संगीताची दखल घेतली. ज्यांच्याजवळ संस्था होती त्यांची नोंद झाली. ज्यांच्याजवळ केवळ श्रोते होते त्यांची राहून गेली.

आपल्याकडे याहून वेगळे काय घडले? पंडित भीमसेन जोशी यांना १९८६ मध्ये प्लॅटिनम तबकडीचा मान मिळाला आणि तो सर्वथा योग्यच होता. पण वामनदादा कर्डक यांची गीते आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज यांनी महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत जे स्थान मिळविले, त्याचे मोजमाप कोणी केले? चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी भीमगीतांच्या कॅसेटी पदपथावर मांडून विकल्या जात. हे दोघेही २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्या लोकप्रियतेचा पुरावा भिंतीवरच्या चौकटीत नाही, तर घराघरांतील झिजलेल्या कॅसेटींत आहे.

तोच पुरावा आज नाहीसा होत आहे. १९८५ मध्ये बजाज कंपनीचा कारखाना वाळूजला सुरू झाल्यानंतर मराठवाड्यातून येथे आलेल्या माणसांनी ट्रंकेतून कपड्यांबरोबर गाणीही आणली. आता टेपरेकॉर्डर बंद पडले, फिती बुरशीने खराब झाल्या आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यांची रवानगी भंगारवाल्याकडे होऊ लागली. तो त्या प्लॅस्टिकच्या भावाने घेतो. आवाजाचे वजन त्याच्या काट्यावर येत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. १९५० साली बाबासाहेबांनी ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले, त्या शहराच्या विद्यापीठाने लोकगायनाच्या तबकड्या, कॅसेटी आणि त्यांची वेष्टने यांचे दालन उघडावे. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी सुटीत घरोघर जाऊन त्या गोळा कराव्यात, गायक, कवी, कंपनी आणि साल यांची नोंद करावी. वाळूजच्या उद्योगांनी ध्वनी संगणकावर उतरविण्याच्या यंत्रांचा भार उचलावा. अमेरिकेतील संग्राहक मुलामा दिलेल्या धातूसाठी पैसे मोजतात. आपल्याला तर मूळ आवाजच जपावयाचा आहे, आणि तो अजून माळ्यावर पडून आहे.