पेणच्या 22 गावांचं मत सरकारने घेतलं, पण ते मानायचं बंधन कुणावर होतं? युरोपच्या सल्ल्याची गोष्ट इथेच समजते

21 सप्टेंबर 2008. पेण तालुक्यातल्या 22 गावांमध्ये त्या दिवशी मतदान झालं. उभे ना आमदारकीचे उमेदवार होते, ना सरपंचपदाचे. जमीनधारक शेतकऱ्यांना एवढंच सांगायचं होतं, की सेझसाठी जमीन द्यायची की नाही.

सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. मतदान जिल्हा प्रशासनाने घेतलं होतं. एखाद्या खासगी प्रकल्पासाठी सरकारने शेतकऱ्यांचं मत असं मोजून घेणं देशात तेव्हा नवीनच होतं. मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य शेतकऱ्यांनी 'नाही' म्हटलं.

पुढे काय झालं? अहवाल राज्य सरकारकडे गेला. पण हा कौल मानलाच पाहिजे, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. शेतकऱ्यांनी मत दिलं होतं, पण कायद्याच्या भाषेत तो सल्लाच होता.

इकडे युरोपात हाच प्रश्न पुन्हा चर्चेत आहे. तिथे लोकांच्या संघटनांनी आर्थिक धोरणावर सल्ला द्यायची पद्धत 60 हून जास्त वर्षं जुनी आहे. तरीही 'आमचं ऐकतं कोण?' ही तक्रार तिथेही आहेच.

पेणमध्ये नेमकं काय घडलं होतं?

2005 मध्ये केंद्राने सेझ कायदा केला. त्यानंतर पेण, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या 45 गावांच्या जमिनीवर महामुंबई सेझ आखण्यात आला. प्रकल्प रिलायन्सशी संबंधित होता. जमीन सरकार घेणार होतं आणि त्यासाठी 1894 चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला भूसंपादन कायदा वापरला जात होता. या कायद्यात शेतकऱ्याला हरकत घेता यायची, पण त्याची संमती लागत नव्हती.

विरोध सुरू झाला. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि कार्यकर्त्या उल्का महाजन या लढ्यात पुढे होते. पेणच्या 22 गावांचा मुद्दा पाण्याचा होता. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात. ज्या शेतीला पाणी द्यायचं म्हणून धरण बांधलं, तीच शेती कारखान्यांसाठी कशी घेता, असा गावकऱ्यांचा सवाल होता. त्यातूनच जनमत घेण्याचा निर्णय झाला.

मग सेझ थांबला कशामुळे?

सोशल मीडियावर ही गोष्ट बहुतेक वेळा 'गावांनी मतदान केलं आणि सेझ रद्द झाला' अशी सांगितली जाते. पण ती अर्धीच आहे.

जुन्या भूसंपादन कायद्यात कलम 11-अ होतं. संपादनाची घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा जाहीर झाला नाही, तर सगळी प्रक्रिया आपोआप बाद होते, असं हे कलम सांगायचं. महामुंबई सेझची ही मुदत 2009 मध्ये संपली आणि तोपर्यंत संपादन पूर्ण झालेलं नव्हतं.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, लोकांचा विरोध सरकारी कागदावर आकड्यांत नोंदला गेला, त्यामुळे 'विरोध मूठभरांचाच आहे' असं म्हणणं अवघड झालं. दुसरी, कायद्यातली मुदत चालू होती. मताला कायद्याचं बळ नव्हतं, मुदतीला होतं. मतामुळे निर्णय लांबला आणि मुदतीने प्रक्रिया संपवली.

युरोपात सल्ला कोण देतं?

1957 च्या रोम कराराने युरोपियन आर्थिक आणि सामाजिक समिती स्थापन झाली. आज तिचे 329 सदस्य आहेत आणि त्यांचे तीन गट आहेत. एक मालकांचा, दुसरा कामगारांचा. तिसऱ्या गटात शेतकरी, ग्राहक, पर्यावरण अशा विषयांवर काम करणाऱ्या संस्था-संघटना येतात.

करारात नमूद केलेल्या विषयांवर युरोपियन संघाला कायदा करण्याआधी या समितीचं मत मागवावंच लागतं. मत द्यायला किमान एक महिना द्यावा लागतो. पण पुढची ओळ महत्त्वाची आहे. मुदतीत मत आलं नाही, तर काम अडत नाही. आणि आलेलं मत मान्य करायचंही बंधन नाही.

म्हणजे विचारायची सक्ती आहे, ऐकायची नाही.

आणि पैशांचं काय?

युरोपात मागे राहिलेल्या भागांना पुढे आणण्यासाठी वेगळा निधी असतो. तिथे याला समन्वय धोरण म्हणतात. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलतात, साधारण तसाच हा विषय. 2021 ते 2027 या काळासाठी या धोरणाला सुमारे 392 अब्ज युरो, म्हणजे संघाच्या बजेटचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा मिळाला.

हा पैसा खर्च करताना 1988 पासून 'भागीदारी'चा नियम आहे. 2014 मध्ये त्यासाठी आचारसंहिताही आली. योजना ठरवताना आणि खर्चावर देखरेख करणाऱ्या समित्यांमध्ये स्थानिक सरकार, कामगार संघटना आणि नागरी संघटनांना जागा द्यावी लागते. रस्ता कुठे होणार आणि प्रशिक्षण केंद्र कुणासाठी, हे ठरत असताना त्या खोलीत या संघटनांचाही माणूस असतो.

आता वाद कशावर आहे? जुलै 2025 मध्ये युरोपियन आयोगाने 2028 ते 2034 च्या बजेटचा प्रस्ताव मांडला. त्यात समन्वय निधी आणि शेतीचा निधी एकत्र करून प्रत्येक देशासाठी एकच मोठा आराखडा करायचा विचार आहे. आराखडा राजधानीत ठरला, तर गावपातळीवरच्या संघटनांचं काय, ही भीती तिथे व्यक्त होतेय.

आपल्याकडे अशी खुर्ची कुणाला आहे?

संविधानाच्या कलम 243 झेडडी नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते. जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा तिने करायचा. तिच्यातले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. कामगार, शेतकरी किंवा पर्यावरण संघटनांसाठी मात्र युरोपसारखी राखीव खुर्ची नाही.

आणि निवडून आलेले लोकच नसतील तर? रायगड जिल्हा परिषदेची मुदत 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अशा वेळी लोकांच्या बाजूने बोलणारी ही खुर्चीही रिकामी राहते.

सेझच्या अनुभवानंतर एक मोठा बदल मात्र झाला. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पासाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती सक्तीची झाली. सामाजिक परिणामांचा अभ्यासही आला. 2008 मध्ये पेणला जे एकदा विचारलं गेलं, ते खासगी प्रकल्पांसाठी आता कायद्याने विचारावं लागतं.

पण यात दोन पळवाटा आहेत. सरकार स्वतःच्या कामासाठी जमीन घेत असेल, तर संमतीची ही अट लागत नाही. शिवाय महाराष्ट्रासह काही राज्यांनी नंतर दुरुस्त्या करून ठरावीक प्रकल्पांना सामाजिक परिणाम अभ्यासातून सूट दिली.

हे आत्ता का महत्त्वाचं?

कारण नकाशा पुन्हा तिथेच आलाय. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतल्या 124 गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर हे त्याचं सरकारी नाव आणि 'तिसरी मुंबई' हे बोलीतलं. क्षेत्र सुमारे 323 चौरस किलोमीटर. अटल सेतूमुळे मुंबई जवळ आली आणि जमिनीचे भाव वाढले.

या वेळी समोर खासगी कंपनी नाही, सरकारी प्राधिकरण आहे. त्यामुळे 80 टक्के संमतीचा नियम इथे आपोआप कामी येईल, असं धरून चालता येणार नाही. उरते ती हरकती आणि सूचनांची वाट. अर्ज द्यायचा, सुनावणीला जायचं आणि निकालाची वाट बघायची.

मग सल्ल्याला वजन कशाने येतं?

पेण आणि युरोप शेजारी ठेवून पाहिले, तर तीन प्रश्न हाती लागतात. गावच्या ग्रामसभेत किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सरकारने सूचना मागवल्यात' असा मेसेज आला, की हे तीन प्रश्न विचारायला हरकत नाही.

एक, कधी विचारलं? आराखडा ठरण्याआधी की ठरल्यावर? युरोपातल्या समितीचं मत कायदा मंजूर होण्याआधी मागवतात. पेणला विचारलं तेव्हा संपादन आधीच सुरू झालं होतं.

दोन, नोंद झाली का? मोर्चाचा फोटो दोन दिवसांत मागे पडतो. गावनिहाय मोजलेला आकडा सरकारी फाइलमध्ये राहतो. 2008 च्या त्या मतदानाचं खरं महत्त्व हेच होतं.

तीन, उत्तर आणि मुदत आहे का? सूचना फेटाळली तर कारण लेखी मिळणार का? आणि सरकारने ठरावीक काळात निर्णय घेतला नाही, तर काय होणार? सेझच्या वेळी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलेलं होतं, म्हणून 22 गावांच्या 'नाही'ला अर्थ उरला.

124 गावांच्या बाबतीत या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय येतं, यावर तिथल्या हरकतींचं वजन ठरेल.