मैत्रिणींची वर्गणी

जानेवारीतल्या एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. मार्चमध्ये तिचं लग्न होतं. "मावशी, माझी बॅचलरेट ठरवणारी मैत्रीण ऑफिसच्या कामासाठी परदेशी गेलीय. बाकीच्यांची नुसती चर्चा चाललीय. तू बँकेत होतीस, आमचं तेवढं मार्गी लाव ना!"

बँकेतल्या तेहतीस वर्षांत मी कर्जाची प्रकरणं मार्गी लावली, वर्षअखेरीचे ताळेबंद जुळवले. पण कोंबड्यांची सहल कधी काढली नव्हती. 'कोंबड्या' म्हणण्याला कारण आहे. लग्नाआधी नवऱ्या मुलीनं फक्त मैत्रिणींबरोबर केलेल्या या मौजेला ब्रिटन-आयर्लंडमध्ये 'हेन पार्टी' म्हणतात. नवऱ्या मुलाची ती 'स्टॅग', म्हणजे नर हरीण. कुणाला रानात मोकळं सोडायचं आणि कुणाला खुराड्यात ठेवायचं, ते नावांतच ठरलेलं! आमच्या मुलींनी अमेरिकेचं 'बॅचलरेट' हे नाव उचललं. पूर्वी हा तिकडे घराजवळच्या पबमधला एका संध्याकाळचा मामला असे. विमानांची तिकिटं स्वस्त झाली आणि त्या संध्याकाळचा शुक्रवार ते रविवार झाला. आपल्याकडे २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधले तीन मित्र एकाच्या लग्नाआधी स्पेन फिरून आले. मुलींसाठी आपला गोवा होताच.

माझ्या वयाच्या मंडळींचं यावरचं मत ठरलेलं आहे : "ही कुठली थेरं? आपल्यात असलं काही नव्हतं." मला हे पटत नाही. केळवणं काय होती? मंगळागौर काय होती? श्रावणातल्या मंगळवारी पूजा झाली की रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. सासू-नणंदेची गाण्यांतून यथेच्छ टवाळी. पुरुषमाणसांना दाराबाहेर ठेवून बायका पहाटेपर्यंत नाचत होत्या. फरक एवढाच, की त्या मोकळेपणाला देवीचं निमित्त लागत असे. निमित्ताशिवाय हसायला बायकांना परवानगी नव्हती.

पण म्हणून 'आमचं ते सोनं' असंही मी म्हणणार नाही. १९९० सालच्या श्रावणात माझ्या धाकट्या बहिणीची, म्हणजे याच भाचीच्या आईची, मंगळागौर आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत झाली. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. आईनं पंचवीस बायकांचं जेवण रांधलं आणि रात्रभर ती स्वयंपाकघरातच बसून राहिली. तिला कुणी 'बाहेर येऊ नकोस' म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नाही. मी तेव्हा बँकेत ऑफिसर होते, लाखांच्या कर्जावर सही करत होते. पण उठून आत जावं आणि आईचा हात धरून तिला बाहेर आणावं, एवढं मला सुचलं नाही. मी फुगडी घालत होते.

या मुलींच्या यादीत मला ही गोष्ट राहून राहून आठवली. भाची धरून नऊजणी. त्यांतली एक घटस्फोटित, एकीचा नवरा करोनात गेलेला. या दोघींना बोलवावं की नाही, असा प्रश्नदेखील कुणाला पडला नव्हता. मला आनंद झाला. पस्तीस वर्षांत आपण एवढं तरी पुढे आलो!

मग मी हिशेबाचा कागद उघडला. गोव्यात पोहण्याच्या तलावासकट बंगला, दोन रात्री : ७२ हजार. विमानं : ७२ हजार. खाणंपिणं २७ हजार, बोट आणि सजावट २१ हजार. एकूण १ लाख ९२ हजार. नवरीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा, ही विलायती रीत यांनी घेतली होती. म्हणजे आठजणींत प्रत्येकी २४ हजार. हा आकडा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून खाली विचारलं होतं, "सगळ्यांना ओके ना?" सातजणींनी अंगठा वर केला होता. आठवीनं दोन दिवसांनी लिहिलं, "मला जमेलसं वाटत नाही, घरी जरा अडचण आहे." त्यावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सजावटीचा रंग कुठला, यावर चर्चा पुन्हा सुरू झाली.

कर्जखात्यात बसलेल्या माणसाला 'घरी जरा अडचण आहे' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हप्ता थकलेला माणूस पैसे नाहीत असं कधी म्हणत नाही. तो घरच्या अडचणीचं सांगतो आणि आपली नजर चुकवतो. ही आठवी मुलगी स्वयंपाकघरात बसली होती. तिलाही कुणी 'येऊ नकोस' म्हटलं नव्हतं.

बँकेतला पहिला धडा असा, की खातेदाराची शिल्लक काउंटरवरून मोठ्यानं सांगायची नाही. चार माणसांसमोर पैशाचा प्रश्न विचारला की खरं उत्तर मिळत नाही. मिळतो तो अंगठा. म्हणून मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. आठहीजणींना एकेक करून फोन केला. प्रश्न एकच : "तुला सहज, कुणाकडे न मागता, किती देता येतील? तुझा आकडा माझ्याजवळच राहील." पहिल्यांदा सगळ्याच गडबडल्या. मग बोलल्या. मौज अशी, की वर अंगठा केलेल्या सातांपैकी तिघींनी २४ हजारांच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला. एकीनं तर क्रेडिट कार्डावर भागवायचं ठरवलं होतं. त्या कार्डावरचं व्याज वर्षाला किती पडतं, ते मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

आठ आकड्यांची बेरीज ६६ हजार ५०० झाली. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं : "एकूण रक्कम ही. हिच्यात बसेल ते करायचं. कुणी किती दिले, हे विचारायचं नाही." गोवा गेला, अलिबाग आलं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. विमानापेक्षा तिची हवा चांगली. नागावला पोफळीच्या वाडीतलं एक अख्खं घर मिळालं, दोन रात्रींचे ३० हजार. खाण्यापिण्याला १८, जाण्यायेण्याला ९, अडीअडचणीला ५. ओहोटी कधी आहे ते पाहून कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायची वेळ ठरवली. बिअर किती घ्यायची, हे त्यांनीच ठरवावं म्हटलं. मी त्यांची मावशी, दारूबंदी खातं नव्हे.

आठवी मुलगी गेली. ती कोण, हे भाचीलाही माहीत नाही.

यावर एक-दोघी चिडल्याही होत्या. "आयुष्यात एकदाच लग्न होतं, मावशी. तेव्हा तरी काटकसर कशाला?" प्रश्न खोटा नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खर्च करू नये, असं माझं म्हणणंच नाही. त्यांनी जास्त द्यावेत, दोघींनी दिलेही. पण 'सगळ्यांनी सारखे' हा दिसायला न्यायाचा वाटणारा नियम मैत्रीत फार अन्याय करतो. भिशीत सारखा हप्ता चालतो, कारण तिथे प्रत्येकीला तेवढीच रक्कम परत मिळते. मैत्रिणीच्या लग्नाच्या आनंदात परत काय मिळायचं असतं? तिथे जिला जेवढं शक्य तेवढं तिनं घालावं. आमच्या वेळी बाईला हळदीकुंकवातून कुंकवानं वगळलं. ते निदान डोळ्यांना दिसत होतं, म्हणून त्याविरुद्ध बोलता आलं, लिहिता आलं. आता वगळतो तो आकडा. त्याला जात, धर्म, वैधव्य काही लागत नाही आणि कुणी कुणाला वगळलं असं वाटतही नाही. जी येत नाही, तीच कारण सांगून मोकळी होते.

तेव्हा तुमच्या घरातली एखादी मुलगी असा बेत आखत असेल, तर 'आपल्यात नव्हतं' म्हणून नाक मुरडू नका. तिला एवढंच विचारा, की कोण येत नाहीये, आणि तिला स्वतंत्र फोन केलास का?

मुली परत आल्यावर मी हिशेब पुरा केला. २ हजार ३५० रुपये उरले. भाची म्हणाली, पुढच्या मैत्रिणीच्या लग्नाला ठेव. त्यावर नवरा गेलेली ती मुलगी म्हणाली, "पण जायला कुणाचं लग्नच कशाला हवं?" यावर अजून निर्णय झालेला नाही. पैसे माझ्याजवळ आहेत.