शरीर हेच ज्यांचे भांडवल

आपल्या सुशिक्षित वर्गात मुलांच्या पेशांची एक उतरंड केव्हाच ठरून गेली आहे. सर्वांत वर प्रशासकीय सेवा, तिच्या खाली डॉक्टर आणि अभियंता, आणि डॉक्टरकीचा प्रवेश हुकला म्हणजे मग हाती लागेल ते. भौतिकोपचार, ज्याला बोलताना आपण फिजिओथेरपी म्हणतो, तो या 'हाती लागेल ते' मध्ये मोडतो. नोकरीनिमित्त दिल्लीपासून बंगळूरपर्यंत विखुरलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या घरी तर ही उतरंड अधिकच काटेकोर असते. कारण श्रेणी, दर्जा आणि वेतनस्तर यांच्या विचारात ज्यांचा दिवस जातो, त्यांना घरी आल्यावरही दुसरे मोजमाप सुचत नाही. अशा घरातील एखाद्या मुलीने ही पदवी आपखुशीने घेतली आणि वर 'मी नर्तक, वादक आणि ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही असे रुग्ण यांच्याच उपचाराला वाहून घेणार' असे म्हटले, तर तिची कीव केली जाते. ही कीव अस्थानी आहे आणि ती निव्वळ अज्ञानातून आलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम 'ही तर सुधारलेली मालिश' या आक्षेपाचा निकाल लावू. 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची देशातील पहिली शाळा निघाली. 1955 साली हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पोलिओने लुळे पडलेले मूल हा त्या काळातील या विद्येचा मोठा प्रश्न होता. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त ठरला. परंतु त्यापूर्वी ज्यांचे पाय गेले ते नागरिक अद्याप आपल्यात आहेत. 2021 साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि भौतिकोपचाराला त्यात स्वतंत्र स्थान दिले. तेव्हा ज्याला कायद्याने व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे, त्याला दिवाणखान्यात मालिश म्हणणे हे विनोदाचे नव्हे, अडाणीपणाचे लक्षण होय. या लोकांनी नावामागे 'डॉक्टर' लावावे की लावू नये, यावर 2025 च्या सप्टेंबरात सरकारी पातळीवर पत्र निघाले आणि लगोलग मागेही घेण्यात आले. उपाधीची ही चर्चा आपल्या वर्गाने मोठ्या चवीने केली. रुग्णाचे काय, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा कोणाला पडला नाही.

आता नर्तकांकडे वळू. कथकची नर्तकी अनवाणी पायाने तत्कार करते, तेव्हा तिची टाच जमिनीवर शेकडो वेळा आदळते. जमीन लाकडाची आणि खालून पोकळ असेल तर आघाताचा काही भाग ती गिळते. सिमेंटची असेल तर तो सारा आघात नडगी, गुडघा आणि कंबर यांनाच सोसावा लागतो. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे वाकलेले आणि बाहेर वळलेले ठेवून तासन् तास काम करायचे असते. ते वळण खुब्यातून न येता गुडघ्यातून आणले की काही वर्षांत गुडघा तक्रार करू लागतो. सतारियाची मांडी, तबलजीचे मनगट, सारंगियाची मान यांचीही हीच गत. या रुग्णांना सामान्य दवाखान्यात एकच सल्ला मिळतो : 'काही महिने बंद ठेवा.' ज्याचे पोट त्याच पायावर किंवा त्याच बोटांवर आहे, त्याला 'बंद ठेवा' म्हणणे म्हणजे उपचार नव्हे; तो कामावरून काढून टाकण्याचा हुकूम आहे. कोणती हालचाल थांबवावी, कोणती निम्म्याने करावी, कोणत्या स्नायूला आधी बळ द्यावे आणि कार्यक्रमाच्या तारखेपर्यंत भार कसा चढवीत न्यावा, हे सांगायला सम कोठे येते आणि चक्कर कोणत्या पायावर पडते ते ठाऊक असलेला उपचारक लागतो. हे ज्ञान तालमीला जाऊन बसल्यावाचून येत नाही. म्हणूनच हे वेगळे क्षेत्र आहे.

'पण हे चोचले झाले,' असे कोणी म्हणेल. 'खेड्यात पक्षाघाताच्या रोग्याला कोणी विचारीत नाही आणि येथे नर्तकांची कौतुके!' हा आक्षेप सात्त्विक दिसतो, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा निकामी स्नायूचे काम दुसऱ्या स्नायूच्या कंडरेकडे सोपविले जाई. शस्त्रक्रिया संपली की खरे काम सुरू होई. कारण त्या कंडरेला नवे काम शिकवावे लागे आणि ते शिकविणे भौतिकोपचाराचे होते. 1954 साली अपघाताने कमरेखाली पंगू झालेल्या मेरी व्हर्गीस यांनी चाकांच्या खुर्चीतून अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि 1966 साली वेल्लोरलाच पुनर्वसनाची संस्था उभी केली. कुष्ठरोग्याला वेदना जाणवत नाही, म्हणून त्याचा पाय जखमी होतो; नर्तकी वेदना जाणवूनही ती दडपते, म्हणून तिचा पाय निकामी होतो. दोघांच्याही शरीरावर नजर ठेवायला दुसरे कोणी तरी लागते. विद्या एकच, कसोटीही एकच : हा हात, हा पाय पुन्हा पोट भरण्याच्या कामाला लागला की नाही?

शिवाय कलावंत आणि उपेक्षित हे दोन वेगळे वर्ग आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी तमाशाचा फड पाहिलेला नसावा. विजयादशमीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव हिंडायचे, रात्रभर किलोंच्या हिशेबाने मोजावे लागणारे चाळ पायांत बांधून नाचायचे आणि पहाटे मालमोटारीत अंग टाकायचे. तेथे आजारपणाची रजा नाही, कारण नाच थांबला की मिळकत थांबते. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असता पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या शरीराला त्या रात्री कशाची गरज होती, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही. 2002 साली त्या गेल्या; पुढे त्यांच्या नावाने शासनाचा पुरस्कार सुरू झाला. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याच्या योजना केंद्राच्याही आहेत आणि महाराष्ट्राच्याही. शरीर मोडून पडल्यावर मानधन देणारे शासन ते मोडू नये म्हणून काय करते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

'पण पोट कसे भरेल?' हा शेवटचा आणि आपल्या वर्गाचा खरा आक्षेप. याचे उत्तर परदेशातही सापडते. ब्रिटनमध्ये 1984 पासून रंगकर्मींच्या आरोग्यासाठी एक स्वतंत्र संस्था काम करीत आहे. न्यूयॉर्कमध्ये 1989 पासून नर्तकांच्या दुखापतींचे हार्कनेस केंद्र चालू असून ज्यांना परवडत नाही त्यांच्या उपचाराला तेथे निधीचा आधार दिला जातो. तत्त्व साधे आहे : चित्रपटातील व मोठ्या मंचावरील कलावंताने पूर्ण शुल्क द्यावे आणि त्यातून व देणग्यांतून फडावरच्या बाईचा गुडघा सांभाळला जावा. आठवड्यातील चार दिवस शहरातील दवाखाना आणि दोन दिवस कुष्ठधाम, जिल्हा रुग्णालय किंवा फड, असा पेशा चालविता येणार नाही असे मानण्यास काही कारण नाही. त्याला वेळ लागेल. पण वकिलीलाही लागतोच.

यात आपण काय करावे? अधिकारी म्हणून आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक मेजावरची. जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचाराचे पद वर्षानुवर्षे रिक्त राहते, तेव्हा ती नस्ती कोणाच्या तरी मेजावर पडलेली असते. ते मेज पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाचे तरी असते. दुसरी मंडळातली. गणेशोत्सवात लावणीचा किंवा कथकचा कार्यक्रम ठरविताना हार, श्रीफळ आणि छायाचित्रकार यांची तरतूद आपण बिनचूक करतो. मग सिमेंटच्या चौथऱ्यावर पातळ सतरंजी पसरून त्यावर पाहुण्या नर्तकीला दोन तास नाचवितो. फळ्यांचा उंच मंच, कार्यक्रमाआधी अंग मोकळे करायला अर्धा तास आणि एक आडोशाची खोली, एवढे करायला कोणत्याही वित्त विभागाची मंजुरी लागत नाही.

आणि घरातील मुलीने हा मार्ग धरला, तर तिला उतरंडीतील पायरी दाखवू नये. उतरंड ही रिकाम्या मडक्यांचीही रचता येते. तिने उभा केलेला एक माणूस मात्र स्वतःच्या पायांवर चालत घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर.