‘मार्च एंड’ला बिलांची पिशवी घेऊन धावताय? तोटा आधीच झालेला असतो!

मार्चचा शेवटचा आठवडा आला की सीएच्या ऑफिसात तेच चित्र दिसतं. हातात बिलांची पिशवी, मोबाइलवर बँकेचं स्टेटमेंट आणि ‘साहेब, एवढं बसवून द्या’ ही विनंती. पण हरवलेलं बिल सीए आणणार कुठून? उशिराचा दंड निदान दिसतो. न दिसणारा तोटा त्याहून मोठा असतो.

क्रेडिट कसं बुडतं?
समजा, हार्डवेअरच्या दुकानदाराने १ लाखाचा माल घेतला आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी दिला. पुरवठादाराने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, तर ते दुकानदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये येत नाही आणि क्रेडिट मिळत नाही. वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ते घेता येतं. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं, तर मुदत तिथेच संपते. मग १८,००० रुपये खिशातून गेले.

उधारी थकली तर?
उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ओलांडून पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले, तर तो खर्चही पुढच्याच वर्षात धरला जातो. यंदाचा नफा कागदावर फुगतो आणि कर वाढतो. २०२३-२४ पासून हा नियम लागू आहे.

चूक कोणाची?
पुरवठादाराच्या चुकीचा भुर्दंड प्रामाणिक दुकानदाराने सोसावा, हे अन्यायाचंच आहे. सरकारने वसुली चूक करणाऱ्याकडूनच करायला हवी. पण तो बदल होईपर्यंत मार्चची वाट पाहणं परवडणारं नाही.

काय करावं?
मासिक रिटर्न भरणाऱ्यांचं २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. त्या दिवशी अर्धा तास काढून खरेदीची बिलं ताडून पाहावीत. जे दिसत नाही, त्या पुरवठादाराला लगेच फोन करावा. नोव्हेंबरमध्ये तो फोन उचलेलच, याची खात्री नाही. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू फिकी होत जातात. कंपोझिशन योजनेत जायचं असेल, तर पुढच्या वर्षासाठीचा पर्याय ३१ मार्चपूर्वीच निवडावा लागतो.

मुदतवाढ मिळेल या आशेवर अनेकजण थांबतात. ती मिळालीच, तरी तारीख पुढे जाते. हरवलेलं बिल काही परत येत नाही.